थोरल्याचं काय झालं?

नंदाखाल

चि. बाय हिस,


समोरासमोर बसलो की आपल्या दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहितो. ओटीवरचं उधळ्या पुत्राचं फ्रेंच चित्र तू काढून ठेवलंस, असं तुझ्या आईने सांगितलं. वाडी तू शिंपलीस, वडिलांचं आजारपण तू काढलंस; आणि भाऊ परदेशातून रिकाम्या हाताने आला, तर त्याच्यासाठी घरात कोंबडी शिजली. तुझा राग खोटा नाही.

ते चित्र शिळाछापाचं आहे. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई चढत नाही, खडूच्या रेघाच ती धरतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस झेनेफेल्डरने जर्मनीत ही रीत शोधली. पुढे फ्रान्समधल्या छापखान्यांनी बायबलमधले प्रसंग स्वस्तात घरोघरी पोचवले. पण एका कागदावर एकच क्षण मावतो. आपल्या चित्रकाराने बापाने परतलेल्या धाकट्याला मारलेली मिठी निवडली. घरी राबत राहिलेला थोरला भाऊ त्यात नाहीच. या गोष्टीत आपल्याला जागा नाही असं तुला वाटलं, ते त्यामुळेच.

म्हणून पुस्तक उघड. आपल्याच गावचे फादर दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घरात आहे. लूकचा 15वा अध्याय, वचन 25 ते 32 सावकाश वाच. थोरला शेतावरून दमून येतो, धाकट्यासाठी चाललेल्या मेजवानीचा आवाज ऐकतो आणि उंबऱ्याबाहेरच थांबतो. ज्यूंच्या जुन्या नियमात (अनुवाद 21:17) थोरल्याला दुप्पट वाटा असे. धाकटा आपला हिस्सा घेऊन गेलेला. म्हणजे मेजवानीसाठी कापलेलं वासरूसुद्धा पुढे थोरल्याकडेच जाणाऱ्या मालमत्तेतलं! त्याची तक्रार येशूने लपवली नाही, बापाच्या तोंडून त्याला दटावलंही नाही. उलट पाहुणे सोडून बाप बाहेर आला आणि त्याची मनधरणी करू लागला. त्या दिवशी बाप दोनदा बाहेर पडला, दोन्ही मुलांसाठी. थोरला शेवटी आत गेला का, हे येशूने सांगितलंच नाही. ते ऐकणाऱ्यावर सोडलं.

बाय, क्षमा आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा केली म्हणून वाडीवरचा हक्क सोडावा लागत नाही. आपल्याला 1925चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर एक तृतीयांश आईचं, उरलेलं तुम्हा दोघा भावंडांचं, समान. मात्र वडिलांनी हयातीत भावाला दिलेले पैसे त्यातून आपोआप वजा होत नाहीत. तेव्हा तिघांनी बसून काय ते लेखी ठरवा, वकिलाला दाखवा, नोंदणी करा आणि सातबाऱ्यावर वारसनोंद लावून घ्या. भावाला वाडीत काम करायचं असेल तर कामही नेमून दे, मजुरीही ठरवून दे. यात कठोर काही नाही. हिशेब चोख असला की पुढे टोमण्यांना जागा उरत नाही.

पण कागद होईपर्यंत जेवण अडवून धरू नकोस. तो कसा वागला याचा जाब त्याला देऊ दे. तू कशी वागतेस ते तुझ्या हातात आहे. या रविवारी मिस्सा झाली की घरी जा, त्याला स्वतःच्या हाताने वाढ आणि शेजारी बसून जेव. सोमवारी कागदाचं बोल. मी येतो.

तुझा,
मामा