संगणकातला पाहुणा

घरी मेहमान आला की आपण त्याला बसायला जागा देतो, जेवू घालतो. पण कपाटाची किल्ली त्याच्या हाती देत नाही. संगणकातही असा पाहुणा ठेवता येतो.

आधी माझी एक चूक सांगतो. मी बी.एड. करत होतो तेव्हा आमच्या घरी एकच संगणक होता. भाईजान त्यावर दुकानाचा हिशेब ठेवीत. मला लिनक्स शिकायची फार हौस होती. एका शुक्रवारी भाईजान नमाजला गेले असताना मी लिनक्सची सीडी संगणकात घातली. पडद्यावर प्रश्न आला, 'संपूर्ण डिस्क वापरायची का?' मी नीट न वाचताच 'हो' म्हटले. लिनक्स आले; पण विंडोजबरोबर तीन वर्षांचा हिशेबही पुसला गेला. भाईजान रागावले नाहीत. ते पावत्या काढून रात्रभर हिशेब लिहीत बसले. त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

विंडोज आणि लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली आहेत. कळफलक, पडदा, डिस्क, स्मृती या सर्वांकडून काम करून घेणे हे कार्यप्रणालीचे काम. तिला वाटते, हे सारे यंत्र माझेच आहे. म्हणून एका वेळी दोन कार्यप्रणाली एकाच यंत्रावर सुखाने नांदत नाहीत. मग युक्ती काय? दुसरीला खोटे यंत्र द्यायचे! त्याला आभासी यंत्र म्हणतात.

ही युक्ती जुनी आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांवर ती वापरली. यंत्र एकच, पण काम करणाऱ्या प्रत्येकाला आपला स्वतंत्र संगणक असल्याचा भास होई. आज ती आपल्याला घरीही वापरता येते. 'व्हर्च्युअलबॉक्स' हे त्यासाठीचे मोफत सॉफ्टवेअर इनोटेक या जर्मन कंपनीने २००७ साली सर्वांसाठी खुले केले. पुढे ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि २०१० साली सन कंपनी ओरॅकलकडे गेली. म्हणजे मी हिशेब पुसला तेव्हा हे सॉफ्टवेअर होते. मलाच त्याचा पत्ता नव्हता!

मूळच्या कार्यप्रणालीला यजमान आणि आतल्या कार्यप्रणालीला पाहुणा म्हणतात. तुम्ही उर्दूत मेजबान आणि मेहमान म्हणता, तेच हे. पाहुण्याला किती द्यायचे ते यजमान ठरवतो. संगणकाची स्मृती ८ जीबी असेल तर पाहुण्याला २ जीबी द्या. लिनक्सच्या हलक्या प्रकारांना तेवढी पुरते. निम्म्याहून जास्त दिली तर यजमानच उपाशी राहील आणि सारे यंत्र रखडेल. पाहुण्याची डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते. 'संपूर्ण डिस्क वापरायची का?' हा प्रश्न तिथेही येतो. तिथे खुशाल 'हो' म्हणा. पाहुणा ती फाइलच पुसेल. बाहेरचा हिशेब त्याला दिसतच नाही. मात्र यजमानाचा एखादा फोल्डर तुम्ही स्वतःच त्याच्यासाठी उघडून दिला, तर त्यातले काही पुसले गेल्यास दोष पाहुण्याचा नाही.

कधी कधी माउसचा बाण पाहुण्याच्या खिडकीत अडकतो आणि नवशिका घाबरतो. विंडोजच्या संगणकावर उजवीकडची कंट्रोल कळ दाबली की तो सुटतो. आभासी यंत्र सुरूच होत नसेल तर प्रोसेसरमधील आभासीकरणाची सोय बंद असण्याचा संभव आहे. ती बायोसमध्ये चालू करावी लागते. हे काम शिक्षकांना बरोबर घेऊन करा.

मला सर्वांत आवडते ती 'स्नॅपशॉट'ची सोय. पाहुणा ठीक असताना त्याची स्थिती टिपून ठेवायची. मग हवे ते प्रयोग करा. आमच्या वर्गातील एका मुलाने पाहुण्यातील महत्त्वाच्या फाइली मुद्दाम पुसल्या. पाहुणा पुन्हा सुरू होईना. आम्ही स्नॅपशॉट परत आणला आणि पाहुणा पूर्ववत उभा राहिला. मुलाने लगेच विचारले, "सर, पुन्हा पुसू?"

मोफत म्हणजे सगळेच मोफत, असे मात्र नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मोफत आहे आणि मुक्तही आहे. म्हणजे त्याची रचना कोणीही वाचू व बदलू शकतो. परंतु विंडोजला पाहुणा करायचे तर तिचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. लिनक्सचे बहुतेक प्रकार विनामूल्य मिळतात. सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही त्यांतलीच. तीत भारतीय भाषांची सोय आहे.

गेल्या वर्षी भाईजानांच्या नव्या संगणकावर मी व्हर्च्युअलबॉक्स बसवले. आता एका खिडकीत त्यांचा हिशेब असतो आणि दुसरीत माझे लिनक्स. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. पण मी कामाला बसण्यापूर्वी हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन त्यांनी ती खिशात ठेवली होती.