रहस्यकथा, आत्मकथन आणि ऐतिहासिक कादंबरी : वाचकाच्या अभिप्रायाचा विचार

'पुस्तक हातातून सुटेना', 'अगदी खरे वाटते', 'इतिहास डोळ्यांसमोर उभा राहिला' हे तीन अभिप्राय ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर नेहमीच कानी पडतात. हुडकेश्वरसारख्या नागपूरच्या वाढत्या उपनगरातील एकच वाचक महिनाभरात हे तिन्ही अभिप्राय देऊ शकतो. समीक्षा त्यांना 'भाबडी प्रतिक्रिया' म्हणून बाजूला सारते. वास्तविक, हे अभिप्राय प्रत्येक साहित्यप्रकाराने वाचकाशी केलेल्या निराळ्या कराराची साक्ष देतात. हा करार कोणता आणि त्याची गल्लत झाली असता काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. रहस्यकथा : बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी एक हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. 'झुंजार'ची पुस्तिका उघडणाऱ्यास नायक वाचणार हे आधीच ठाऊक असते. त्याचे कुतूहल 'काय होईल' यापेक्षा 'कसे होईल' यात गुंतलेले असते. त्यापूर्वी गो. ना. दातार यांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना एतद्देशीय वेष चढविला. परकी कथानके मराठी नावांनी वावरत असताना वाचकाची तक्रार झाली नाही, याचे कारण या प्रकाराकडून तो स्थलकालाच्या सत्याची मागणीच करीत नव्हता. त्याची मागणी माहितीच्या मांडणीविषयी असते. रहस्य उलगडल्यावर आधी दिलेले तपशील त्यास आधार देतात की नाहीत, ही या प्रकाराची खरी कसोटी होय. 'हातातून सुटेना' हा अभिप्राय या कसोटीची केवळ पहिली पायरी आहे. दुसऱ्या वाचनातही कथा टिकते काय, ही पुढची.

२. आत्मकथन : फ्रेंच अभ्यासक फिलीप लेज्यून यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राचा करार सांगितला : लेखक, निवेदक व मुख्य पात्र ही एकच व्यक्ती असल्याची हमी. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये ही हमी सहजपणे पाळली जाते. लक्ष्मीबाई पतीच्या विक्षिप्तपणाइतक्याच मोकळेपणाने स्वतःच्या फजितीवरही हसतात. निवेदिका स्वतःस सवलत देत नाही, म्हणून वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो. दया पवार यांच्या 'बलुतं'ने (१९७८) मात्र हा करार जाणीवपूर्वक ताणला. तेथे दगडू मारुती पवार आणि दया पवार असे एकाच माणसाचे दोन भाग परस्परांशी बोलतात. येथे 'खरे वाटते' याचा अर्थ 'प्रत्येक तपशील नोंदींशी जुळतो' असा घेणे अपुरे ठरते. भोगलेल्या जीवनाविषयी साक्षीदार प्रामाणिक आहे, असा तो अर्थ होय. स्मृतीतील एखादा सन चुकला तर साक्ष बाद होत नाही. मात्र निवेदक स्वतःचे समर्थन करण्यासाठी घटना वाकवीत असल्याचे दिसू लागले, की करार मोडतो.

३. ऐतिहासिक कादंबरी : रा. भि. गुंजीकर यांच्या 'मोचनगड'पासून (१८७१) रणजित देसाई यांच्या 'स्वामी'पर्यंत (१९६२) या प्रकाराने मराठी वाचकास सर्वाधिक मोहविले आहे. गल्लतही येथेच सर्वाधिक होते. थोरल्या माधवरावांचा १७७२ मध्ये थेऊर येथे झालेला मृत्यू आणि रमाबाईंचे सहगमन ही इतिहासाची नोंद आहे; पतिपत्नींमधील खाजगी संवाद ही कादंबरीकाराची निर्मिती आहे. वाचक दोन्ही एकाच विश्वासाने स्वीकारतो. शिवाजी सावंत यांच्या 'छावा'ने (१९७९) संभाजीराजांची मलिन प्रतिमा पुसली, असे सर्रास म्हटले जाते. परंतु वा. सी. बेंद्रे यांचे साधार चरित्र १९६० मध्ये, तर कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. कादंबरीने जे घरोघरी पोहोचविले, ते संशोधनाने आधीच उभे केले होते. हा क्रम विसरला गेला, की कल्पित संवाद पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागतात आणि पुढील संशोधनाची परीक्षा 'कादंबरीशी जुळते का' या उलट्या कसोटीवर होते. यात इतिहासाची हानी आहेच. पण कल्पना म्हणून कादंबरीला मिळावयाचे श्रेयही हिरावले जाते.

४. वाचकाच्या आस्वादास कमी न लेखता त्यास अधिक डोळस करणे हे अध्यापनाचे कार्य आहे. 'श्रीमान योगी'ला (१९६८) नरहर कुरुंदकर यांचे देसाई यांना लिहिलेले विस्तृत पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. इतिहासाचे प्रश्न कादंबरीकारापुढे मांडणारा वाचक कसा असतो, याचा तो उत्तम नमुना होय. पदव्युत्तर वर्गात 'आवडले' या उत्तरानंतर एक प्रश्न अवश्य विचारला जावा : या पुस्तकाने कोणते वचन दिले होते? रहस्यकथेने न्याय्य मांडणीचे, आत्मकथनाने प्रामाणिक साक्षीचे, तर ऐतिहासिक कादंबरीने ज्ञात पुराव्याशी विसंगत न होणाऱ्या कल्पनेचे. वचन ओळखून दिलेला अभिप्राय हाच समीक्षेचा आरंभ होय.