माशांचा हिशेब

समजा, दोन भावांचे आंब्याचे एकच झाड आहे. आंबे निम्मे निम्मे वाटायचे ठरले. पण एक भाऊ झाडावर बसूनच काही आंबे खातो आणि कोणाला सांगत नाही. मग वाटणी बरोबर होईल का?

अशीच एक वाटणी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात होते. तेथे सॅमन नावाचा मासा आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत येतो. तेथील आदिवासी पिढ्यान् पिढ्या या माशावर जगत आले. १८५४ व १८५५ साली त्यांनी सरकारशी करार केले. त्यांनी बहुतेक जमीन दिली. पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे तो हक्क नाकारला जाऊ लागला. १९४५ साली बिली फ्रँक या आदिवासी मुलाला मासे पकडल्याबद्दल अटक झाली. तेव्हा तो अवघा १४ वर्षांचा होता. अखेर १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला, की पकडता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्या माशांवर करार करणाऱ्या जमातींचा हक्क आहे.

वाटा ठरला, पण तो मोजायचा कसा? आदिवासी मच्छीमार मासे विकतात, तेव्हा त्यांची नोंद पावतीवर होते. हौसेखातर सॅमन पकडणाऱ्यांजवळ एक कार्ड असते. मासा ठेवून घेताच त्यावर नोंद करावी लागते. एकही मासा मिळाला नाही, तरी मुदतीत कळवावे लागते.

तुम्ही विचाराल, शून्य कशाला कळवायचे? हे पाहा. १० जणांपैकी ४ जणांना प्रत्येकी ५ मासे मिळाले आणि ६ जणांना एकही मिळाला नाही. एकूण मासे २० झाले. पण त्या चौघांनीच कळवले, तर प्रत्येकाने ५ मासे पकडले, असे वाटेल आणि अंदाज ५० चा होईल! उलट, पकडलेले मासे लपवले, तर अंदाज कमी येईल. मग जास्त मासे मारले जातील आणि अंडी घालायला पुरेसे मासे उरणार नाहीत. नुकसान दोघांचेही होईल.

मित्रांनो, नदीतील मासे ही पुढच्या पिढीची अमानत आहे. मराठीत तिला ठेव म्हणतात. ठेव सांभाळायची, तर हिशेब खरा हवा. कोणी पाहत नसले तरीही!

स्वाध्याय
१. आदिवासींनी करारात कोणता हक्क राखून ठेवला?
२. एकही मासा न मिळाल्यास तेही का कळवावे?
३. वाक्यात उपयोग करा : वाटणी, हिशेब, ठेव.