कोवलमच्या दमट हवेत ओट्सच्या आंबावड्या

हे केरळचं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेचं, ईसीआर रस्त्यालगतचं कोवलम. समुद्राच्या वाऱ्यात उघडा राहिलेला बिस्किटांचा पुडा इथे बघता बघता सादळतो. त्यामुळे दोन थरांत फळ भरलेल्या वड्या करायच्या तर ओट्समधल्या आणि फळातल्या पाण्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

साहित्य : ओट्स २०० ग्रॅम (झटपट शिजणारे नकोत), कणीक १५० ग्रॅम, गुळाची पावडर १२० ग्रॅम, लोणी १५० ग्रॅम, पाव चमचा खायचा सोडा, मीठ. सारणाला तोतापुरीच्या फोडी ५०० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, लिंबाचा रस आणि कॉर्नफ्लोअर प्रत्येकी एक मोठा चमचा. फळवाल्याकडे ‘किळिमूक्कु’ मागा, तोच हा आंबा. अर्धवट पिकलेला घ्या. हापूस इथे वाया जातो. शिजवल्यावर त्याचा वास उडतो आणि फोडीही उरत नाहीत.

सारण आधी करा, कारण ते पूर्ण गार व्हायला हवं. फोडी, साखर आणि लिंबाचा रस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर शिजवा. फोडी मऊ झाल्या की थोड्या पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर घाला आणि ढवळत राहा. कढईच्या तळाशी डाव फिरवल्यावर मागे वाट राहिली आणि ती लगेच बुजली नाही, की उतरवा. इथे घाई केली तर खालचा थर लगदा होणार, मग ओव्हन कितीही चांगला असो. चिमूटभर मीठ आणि लाल तिखट जरूर घाला. चेन्नईच्या किनाऱ्यावर कैरी तशीच तर खातात!

ओट्स कोरडेच पाच मिनिटं भाजून गार करा. थंडगार लोणी पिठात चोळायची पद्धत इथल्या उकाड्यात जमत नाही, लोणी हातातच वितळतं. ओट्स, कणीक, गूळ, सोडा आणि मीठ एकत्र करून त्यावर ते सरळ पातळ करून ओता. सगळं कालवल्यावर लाडवासारखी मूठ वळली पाहिजे. नाही वळली तर चमचाभर दूध.

२० सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यात बटर पेपर घालून दोनतृतीयांश मिश्रण वाटीच्या बुडाने घट्ट दाबा. १८० अंशांवर बारा मिनिटं भाजा. त्यावर सारण पसरा. उरलेलं मिश्रण वरून भुरभुरवा, हे मात्र दाबू नका. पुन्हा तीस-पस्तीस मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत.

गरम असताना सुरी लावू नका. भांड्यातच गार करून दोन तास फ्रीजमध्ये ठेवा आणि मगच सोळा वड्या पाडा. हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतात. बाहेर ठेवल्या तर त्याच दिवशी संपवा.