रेल्वे, छापखाना आणि वसतिगृह

आपल्या गावाच्या नावातच ‘रेल्वे’ आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरास नेणारा जी. आय. पी. कंपनीचा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. यंत्रामुळे समाज बदलतो काय, हा प्रश्न म्हणूनच धामणगावला परका नाही.

मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली त्याच वर्षी, १८५३ मध्ये, कार्ल मार्क्सने भाकीत केले होते की, रेल्वेतून उभे राहणारे उद्योग जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील. पुढे १९०१ मध्ये बाल भीमराव घरातील मुलांसह वडिलांना भेटण्यास कोरेगावकडे निघाला. आगगाडीने त्यांना मसूर स्थानकापर्यंत विनातक्रार आणले. परंतु जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, मुलांनी गाडी हाकावी व आपण पायी चालावे, या अटीवर एकजण राजी झाला. रूळ संपले तेथे जुनी व्यवस्था जशीच्या तशी उभी होती.

यंत्राला विचाराची जोड बाबासाहेबांनी दिली. छापखाना आणि टपाल यांच्या बळावर त्यांनी ‘मूकनायक’ (१९२०) व ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) चालविली. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावरील परिषदेचे ते अध्यक्ष होते. तथापि ही दोन्ही पत्रे अल्पायुषी ठरली. विचार आणि साधन यांना टिकाव धरण्यास संस्था लागते, हे ओळखूनच १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२५ मध्ये सोलापूरचे वसतिगृह आणि १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. वसतिगृहाने खेड्यातील मुलाला निवारा, दोन वेळचे अन्न आणि अभ्यासाची शिस्त दिली. गावगाड्याने ठरवून दिलेल्या कामाबाहेरचे आयुष्य त्याच्यासाठी शक्य केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षेसाठी वऱ्हाडातून अनेकजण याच लोहमार्गाने नागपूरला गेले. कापसासाठी टाकलेल्या रुळांना त्यांनी नवा अर्थ दिला.

आज प्रत्येक हाती भ्रमणध्वनी आहे. त्यावर ग्रंथालय उघडते, तशीच अफवाही येते. आडनाव पाहून जात शोधणारेही तेथे आहेत. ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने वा अधिकाराने सांगितली म्हणून स्वीकारू नये, स्वतः पारखावी, ही तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना दिलेली शिकवण या साधनालाही लागू पडते. ती मुलांच्या अंगी बाणविणे हे यापुढे निवासी शाळेचे कार्य होय. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला संगणक अवश्य द्यावेत. परंतु मुलांसोबत बसून प्रश्न विचारण्याची सवय लावणारा एक तासही द्यावा.