दातांना तारा असताना : स्वच्छतेचा जमाखर्च

आपल्या बेळगाव परिसरात एक म्हण दोन भाषांत ऐकायला मिळते. मराठीत म्हणतात, ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.’ कन्नडमध्ये म्हणतात, ‘कडले इद्दवनिगे हल्लिल्ला, हल्लिद्दवनिगे कडले इल्ला.’ अर्थ एकच. गेली दीड वर्षे माझी अवस्था मात्र या म्हणीत न बसणारी झाली आहे. तोंडात दात आहेत, आप्पांच्या किराणा दुकानात फुटाण्यांचे पोतेही आहे. पण दातांवर तारा असल्यामुळे त्या पोत्याकडे नुसते पाहावे लागते!

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. आरोग्यशास्त्राचा माझा अभ्यास शाळेच्या पाठ्यपुस्तकापुरताच. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, याला कारण आहे. आपल्या महाविद्यालयात दातांना तारा लावलेले विद्यार्थी आता प्रत्येक वर्गात दिसतात. तारा डॉक्टर बसवितात, पैसे वडील भरतात. पण त्यांची स्वच्छता ज्याची त्यालाच राखावी लागते. हे मला पाच महिने उशिरा कळले. माझ्या हातून झालेली चूक इतरांच्या हातून होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चूक कोठे झाली?

माझे वरचे दात पुढे होते आणि एक सुळा हिरडीत वर चढला होता. हसताना तोंडापुढे हात धरायची सवय शाळेपासूनच लागलेली. बारावीनंतर आप्पांनी मनावर घेतले आणि हप्त्यांनी पैसे भरायचे ठरवून तारा बसवून घेतल्या. दुकानाची खतावणी मीच लिहिते. त्यात ‘दात खाते’ असे एक नवे खाते उघडले आणि दरमहा तेथे हप्त्याची रक्कम नावे पडू लागली.

तारा बसविल्या त्या दिवशी दवाखान्यातून एक छापील इंग्रजी कागद मिळाला. मराठी माध्यमातून शिकलेल्या मला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत, आणि विचारायची लाज वाटली. ‘ब्रश करा’ एवढे समजले. ब्रश तर मी लहानपणापासून करीतच होते! कागदाची घडी करून फायलीत ठेवली आणि विसरून गेले.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी वाऱ्याच्या झोताने माझा एक दात कोरडा केला आणि हातात आरसा दिला. दातावर चिकटविलेल्या ब्रॅकेटच्या कडेने, हिरडीच्या बाजूला, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसत होती. मला वाटले टूथपेस्ट राहिली असेल. डॉक्टर म्हणाले, “ही टूथपेस्ट नाही, दात किडायची पहिली पायरी आहे. असेच चालले तर काम अर्धवट टाकून तारा काढाव्या लागतील.” त्या महिन्याचा हप्ता वहीत लिहिताना माझा हात थांबला. आप्पांना काही सांगायचे धैर्य झाले नाही.

पांढरा डाग म्हणजे काय?

दाताच्या बाहेरच्या आवरणाला एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा. परंतु त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडले तर जुळून येते. एनॅमलचा तुकडा गेला तर पुन्हा उगवत नाही.

आपल्या दातांवर जंतूंचा एक चिकट, पातळ थर सतत साचत असतो. आपण साखर किंवा पिठूळ पदार्थ खाल्ले की हे जंतू त्यापासून आम्ल तयार करतात. आम्लता मोजण्याच्या पीएच या मापाने आकडा साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवविते आणि काही खनिजे परतही देते. पण त्यासाठी अर्धा तास ते तास लागतो. हा एक प्रकारचा जमाखर्चच आहे. खर्च जमेपेक्षा वाढला की एनॅमल आतून सच्छिद्र होते व पांढरे दिसू लागते. पुढे त्याचीच कीड होते.

तारा नसलेल्या दातावर जीभ, ओठ आणि लाळ यांचा हात सतत फिरत असतो. तारा बसल्या की प्रत्येक दातावर ब्रॅकेटच्या आडोशाला कोपरे तयार होतात, वरून तार जाते, रबरी कडी बसते. तेथे थर साचतो आणि लाळ नीट पोहोचत नाही. दुर्लक्ष झाले तर अवघ्या चार आठवड्यांतही पांढरे डाग दिसू शकतात. मी तर पाच महिने घालविले होते!

थोडा इतिहास

वाकडे दात सरळ करण्याचा प्रयत्न जुनाच आहे. फ्रान्समधील पिअर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या दंतवैद्यकावरील ग्रंथात, धातूच्या पट्टीला दोऱ्याने दात बांधून ते रांगेत आणण्याची रीत वर्णिली आहे. आधुनिक शास्त्राचा पाया घातला तो अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी. वाकड्या दातांचे त्यांनी केलेले वर्गीकरण १८९९ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी जवळजवळ प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे चढवावे लागे. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी एनॅमल सौम्य आम्लाने खरखरीत करून त्यावर पदार्थ चिकटविण्याची युक्ती दाखविली. पुढे तिच्याच आधारे लहानसे ब्रॅकेट थेट दातावर चिकटविता येऊ लागले. कडे गेले आणि दाताचा बराचसा पृष्ठभाग मोकळा राहिला. म्हणजे तो घासण्याची सोय झाली, आणि ती जबाबदारी आपल्यावर आली.

‘मेले, केळगे, नडुवे’

घासायचे कसे हे मला शिकविले ते दवाखान्यात मदतनीस असलेल्या एका अक्कांनी. त्यांना मराठी बेताचेच येते. माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी मला बेसिनपाशी नेले, हातात ब्रश दिला आणि कन्नडमधून तीन शब्द पाठ करून घेतले : ‘मेले, केळगे, नडुवे.’ म्हणजे वर, खाली आणि मध्ये. मराठी कानाला ‘मेले’ हा शब्द जरा दचकविणारा आहे खरा. पण त्यामुळेच तो विसरला जात नाही. साऱ्या शास्त्राचे सार या तीन शब्दांत आहे.

मेले : मऊ दातांचा ब्रश घ्यावा. आधी पाण्याने खळखळून चूळ भरावी, म्हणजे अडकलेले कण सुटतात. मग वरच्या दातांवर ब्रश तारेच्या वर, हिरडी आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर ठेवावा. केस थोडे हिरडीकडे तिरपे, सुमारे ४५ अंशांत असावेत. तेथेच लहान लहान वर्तुळे काढावीत. माझी पांढरी रेघ नेमकी याच पट्टीत होती. कारण माझा ब्रश नेहमी तारेवरूनच घसरत जात असे.

केळगे : आता ब्रश तारेच्या खाली आणून ब्रॅकेटच्या खालच्या कडेवर तिरपा धरावा व तसेच करावे. खालच्या दातांनाही हेच दोन्ही टप्पे; मात्र तेथे हिरडीकडची बाजू खाली येते. त्यानंतर दातांची जिभेकडची बाजू आणि दाढांचे माथे घासावेत. तारा पुढे आहेत म्हणून मागची बाजू विसरणारे पुष्कळ आहेत.

नडुवे : दोन ब्रॅकेटांच्या मध्ये, तारेच्या आड, साधा ब्रश शिरत नाही. तेथे बाटली धुण्याच्या ब्रशासारखा दिसणारा, पण काडीएवढा लहान ब्रश मिळतो. तो तारेखालून हलकेच घालून पुढेमागे फिरवावा. दोन दात जेथे एकमेकांना टेकतात तेथे दातांचा धागा, म्हणजे फ्लॉस, वापरावा. तार आड येत असल्यामुळे तो प्लॅस्टिकच्या सुईसारख्या ओवणीत ओवून तारेखालून घ्यावा लागतो. सुरुवातीला मला या कामाला पंधरा मिनिटे लागत. सरावाने पाच पुरतात.

टूथपेस्ट फ्लोराइड असलेली असावी. फ्लोराइडमुळे निघून गेलेली खनिजे परत बसण्यास मदत होते. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण भांडेभर पाण्याने धुऊन टाकू नये. थोडे फ्लोराइड दातांवर राहिलेले बरे. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे सर्वांत महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते. सकाळ-रात्र घासणे सक्तीचे. दुपारी महाविद्यालयात ब्रश करणे जमले नाही तरी डबा खाल्ल्यावर नळावर जाऊन चूळ भरणे सर्वांना शक्य आहे. तारांमुळे ब्रशाचे केस लवकर फिसकटतात. तसे झाले की तीन महिने होण्याची वाट न पाहता ब्रश बदलावा.

आमची आजी राखुंडीचा आग्रह धरते. तिच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते की, राखुंडी दातावर खरखरते, तारेआड जात नाही आणि तिच्यात फ्लोराइडही नसते. महागडा विजेचा ब्रश हवाच असेही नाही. हात नीट चालला तर साधा ब्रश पुरतो.

हिरडीतून रक्त आले तर

घासताना हिरडीतून रक्त आले की आपण घाबरून तेथे ब्रश लावायचे सोडतो. मीही तेच केले होते. वास्तविक रक्त हे बहुधा थर साचून हिरडी सुजल्याचे लक्षण असते. तेथे हलक्या हाताने पण नियमित घासले तर काही दिवसांत सूज उतरते. माझी दहा-बारा दिवसांत उतरली. तरीही रक्त थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. तार गालाला टोचत असेल तर त्यासाठी मिळणाऱ्या मेणाची गोळी तेथे लावावी; स्वतः पकडीने तार कापण्याचा उद्योग करू नये. ब्रॅकेट निखळला तर दवाखान्यात कळवावे. टोचते म्हणून तो कोपरा घासायचे टाळणे, हा मात्र दाताला तोटाच.

खाण्याचे पथ्य

आपला जिल्हा या बाबतीत मोठा परीक्षा पाहणारा आहे. गोकाकचा करदंट चिवट आणि गुळाचा. बेळगावचा कुंदा मऊ असला तरी साखरेचा. फुटाणे, चिक्की, डिंकाचे लाडू, सोलून खायचा ऊस, सुपारी हे कठीण किंवा चिकट पदार्थ ब्रॅकेट उखडतात, म्हणून वर्ज्य. पेरू, गाजर बारीक फोडी करून खावेत. भाकरी आमटीत कुस्करावी. कुंदा खायचाच असेल तर जेवणाबरोबर खावा आणि लगेच चूळ भरावी.

किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे आहे. कँटीनमधला साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेतला तर दातांवर आम्लाचे पाच हल्ले होतात, आणि लाळेला सावरायला उसंत मिळत नाही. मी चहा दोन वेळांवर आणला आहे. मैत्रिणी हसतात, पण आता त्यांच्याबरोबर मीही हसते.

ताळेबंद

वाणिज्याची विद्यार्थिनी असल्याने हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. उपचार साधारण दोन वर्षे चालतात असे धरू. म्हणजे सुमारे ७२० दिवस. दिवसातून दोन वेळा घासणे म्हणजे १४४० वेळा. प्रत्येक वेळी पाच मिनिटे धरली तर ७२०० मिनिटे, म्हणजे १२० तास, म्हणजे पूर्ण पाच दिवस. दोन वर्षांतले पाच दिवस! एवढे खर्च केले नाहीत तर वडिलांनी भरलेल्या सर्व हप्त्यांच्या बदल्यात हाती काय येते? सरळ रांगेत उभे असलेले डागाळलेले दात. यंत्रावर घसारा धरून नवे यंत्र घेता येते. एनॅमलच्या खात्यात तशी तरतूद नाही.

माझ्या दातावरची रेघ अजून आहे. पुढे ती थोडी फिकी होईल, पण पूर्णपणे जाईलच असे नाही, असे डॉक्टर सांगतात. ती वाढायची मात्र थांबली आहे आणि तारा काढण्याची वेळ आली नाही. सातव्या महिन्यात मी सगळा प्रकार आप्पांना सांगितला. ते रागावले नाहीत. वही मिटवून एवढेच म्हणाले, “पैसे मी भरलो, तारा डॉक्टरांनी बसविल्या. घासायचं तेवढं तुझ्याकडं होतं की गं.” त्या वाक्यानंतर एकही रात्र मी ब्रश न करता झोपलेली नाही.

शेवटी एक गोष्ट सांगते. फायलीतला तो इंग्रजी कागद मी बाहेर काढला. शब्दकोश आणि अक्का यांच्या मदतीने मी तो मराठीत उतरविला आणि माझ्या वर्गमैत्रिणीने कन्नडमध्ये. दोन्ही कागद डॉक्टरांना दाखविले. त्यांनी तपासून ते बेसिनवरच्या आरशाशेजारी लावले आहेत. माझ्या जागी उद्या जी कोणी उभी राहील, तिला निदान विचारायची लाज वाटायला नको.

— एक विद्यार्थिनी, बी. कॉम. तृतीय वर्ष