काटकसरीचे भांडवल : प्रभातफेरीच्या वाटेवरील एक गृहोद्योग

जबलपूरच्या सराफ्यात काटकसरीला आकार असतो. तो कधी बांगडीचा, कधी पाटलीचा, तर कधी एखाद्या लहानशा वळ्याचा. घरखर्चातून बाजूला काढलेला पैसा सोन्यात घालण्याची रीत या पेठेने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. येथून जवळच बडा फुहारा आणि १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणारा कमानिया गेट आहे. खव्याच्या जिलेबीचा सुगंधही याच परिसरातला. थोडक्यात, बचत आणि खाद्यव्यवसाय या दोन्ही गोष्टी येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. या दोहोंची सांगड एखाद्या सामान्य गृहिणीला कशी घालता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भंवरताल उद्यानात पहाटे फिरायला येणाऱ्यांना फेरी संपल्यावर काहीतरी हलके, ताजे आणि घरच्या चवीचे हवे असते. मोड आलेले मूग, ताक, उन्हाळ्यात सातू वा कैरीचे पन्हे, थंडीत आवळ्याचे सरबत किंवा डाळीचे गरम सूप, हे पदार्थ प्रत्येक घरात होतात. मोठी यंत्रसामग्री नको, दुकानाचे भाडे नको. मग अडते कोठे? बहुधा दोन ठिकाणी : मनातील संकोचापाशी आणि भांडवलापाशी.

अन्न विकावे काय?

जबलपूर हे नर्मदाकाठचे शहर. परिक्रमेला निघालेल्या पायी यात्रेकरूला विन्मुख पाठवायचे नाही, हा येथील संस्कार. अशा वातावरणात वाढलेल्या गृहिणीला चालणाऱ्या माणसाकडून खाण्याचे पैसे घेणे कमीपणाचे वाटते. ही भावना आदरणीय आहे. परंतु अन्नदान आणि अन्नव्यवसाय हे दोन वेगळे धर्म आहेत. परिक्रमावासीयाला वाढलेला घास पुण्याच्या खात्यात जमा होतो. उद्यानाच्या दाराशी विकलेले ताक कष्टाच्या खात्यात. दोन्ही खाती स्वच्छ असावीत, एवढेच.

मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांचे डबे चालविणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांनी आपले संसार याच कष्टावर उभे केले. पण किराणा उधारीवर आणि रोकड सावकाराकडून घ्यावी लागत असल्यामुळे त्यांच्या श्रमाचे मोल व्याजातच विरून जाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारापर्यंत नेले. आरंभी १४ जणींना प्रत्येकी १,५०० रुपयांचे कर्ज मिळाले. तारण ठेवण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हते. एकमेकींची हमी हेच तारण ठरले. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. स्वयंपाकघरातील कौशल्याला पत असते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

ऐंशी रुपयांचा धडा

दुसरे उदाहरण सर्वपरिचित आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. हाच पुढे ‘लिज्जत’ म्हणून घरोघरी पोहोचलेला श्री महिला गृह उद्योग. पहिल्या दिवशी तयार झाली केवळ चार पाकिटे. तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही, हा त्यांचा निश्चय होता. प्रारंभी कमी किमतीचा हलका माल काढण्याचा विचार झाला. परंतु एकच प्रत आणि तीही उत्तम, या सल्ल्यावर त्या ठाम राहिल्या. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबवावे लागले. पुढल्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला आणि काम चालू राहिले. अडचण आली तेव्हा खर्च वाढवायचा नाही, युक्ती वाढवायची, हीच खरी काटकसर. या संस्थेचे काम आज जबलपुरातही चालते.

भांडवल कोठून आणावे?

समजा, सराफ्यालगतच्या गल्लीत राहणाऱ्या एका गृहिणीने मूग आणि ताक विकण्याचे ठरविले. (पुढील सर्व आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) झाकणाची पातेली, डबे, घडीचे टेबल, छत्री इत्यादींसाठी ४,५०० रुपये आणि तीन दिवसांच्या कच्च्या मालासह चालू खर्चासाठी सुमारे १,२०० रुपये, असे एकूण ५,७०० रुपये लागतील. पहिला विचार हातातील बांगडी मोडण्याचा येतो. तो शक्यतो टाळावा. दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही, आणि अडीअडचणीला उपयोगी पडणारी घरातील शेवटची ठेव अनुभवाआधीच खर्ची पडते.

त्याऐवजी रोज ३० रुपये बाजूला काढले, तर १९० दिवसांत, म्हणजे साडेसहा महिन्यांच्या आत, ५,७०० रुपये जमतात. हे ३० रुपये येणार कोठून? आठवड्याचा भाजीपाला एकदम आणणे, हंगामात स्वस्त मिळणारे जिन्नस टिकवून ठेवणे, जवळच्या अंतरासाठी रिक्षा टाळणे, अशा लहान गोष्टींतून. जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी नावाजलेला आहे. हिवाळ्यात घेऊन सोलून ठेवलेला वाटाणा पुढे कितीतरी दिवस खर्च वाचवतो. मात्र वाचलेला पैसा डब्यात ठेवला तर तो पुन्हा खर्चात वाहून जातो. महिन्याच्या महिन्याला आवर्ती ठेवीत भरल्यास त्याला शिस्तही लागते आणि व्याजही.

हिशेबाचा आरसा

आता दिवसाचा हिशेब मांडू. मूग भिजवून मोड आल्यावर त्याचे वजन साधारण दुप्पट होते. दीड किलो मुगाचे १०० ग्रॅमचे ३० द्रोण भरतील.

मूग १८० रुपये, कांदा-टोमॅटो-लिंबू-मसाला १५०, ताकाचे दही व जिरे-मीठ १७०, द्रोण व कागदी पेले ६०, गॅस व बर्फ ५०, जाण्या-येण्याचे ६० : एकूण ६७० रुपये.

३० द्रोण २५ रुपयांनी आणि ३० पेले ताक १५ रुपयांनी विकले गेले, तर विक्री १,२०० रुपये होईल. शिल्लक ५३० रुपये. पण हा सर्व नफा नव्हे. पहाटे साडेचार ते साडेआठ असे चार तास गृहिणीने खर्च केले आहेत. तासाला ६० रुपये धरले, तर तिच्या श्रमाचे २४० रुपये होतात. खरा नफा उरला २९० रुपये.

आता दुसरी बाजू पाहा. पाऊस आला आणि २० द्रोण व २० पेलेच खपले. विक्री ८०० रुपये. खर्च तोच ६७० रुपये. हाती राहिले १३० रुपये, म्हणजे श्रमाच्या मोबदल्यातही ११० रुपयांची तूट. म्हणून पहिल्या महिन्यात मालाचे प्रमाण निम्मेच ठेवावे. १५ द्रोण आणि १५ पेल्यांसाठी खर्च ३९० रुपये, विक्री ६०० रुपये, शिल्लक २१० रुपये. येथेही मजुरीत ३० रुपये कमी पडतात. परंतु ती शिकण्याची फी समजावी. कोणत्या वारी किती गिऱ्हाईक येते, हे त्या महिन्याची वही सांगेल.

घराचा आणि धंद्याचा पैसा एकत्र करू नये. क्यूआर कोडने आलेली रक्कम थेट बचत खात्यात जाते. रोख रक्कमही त्याच दिवशी वहीत लिहावी.

शुद्धता आणि नियम

ओल्या, उबदार जागी जसे मोड वाढतात तसेच जंतूही वाढतात. म्हणून मूग स्वच्छ पाण्याने वारंवार धुवावेत, विकण्यापूर्वी वाफवून घ्यावेत आणि उरलेला माल दुसऱ्या दिवशी विकू नये. बर्फ व पाणी पिण्यायोग्यच असावे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार लहान खाद्यव्यावसायिकालाही नोंदणी करावी लागते. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या व पेल्यांवर देशभर बंदी आहे. पानांचे द्रोण त्याहून शोभिवंत दिसतात. उद्यानाबाहेर बसण्यापूर्वी नगर निगमाकडे चौकशी करावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना प्रमाणपत्राची तरतूद केली आहे.

कर्ज केव्हा घ्यावे?

तीन महिन्यांची वही भरल्यानंतर. त्या वहीत मागणी दिसत असेल आणि केवळ साधनांअभावी गिऱ्हाईक परत जात असेल, तरच कर्जाचा विचार करावा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. पथविक्रेत्यांसाठी २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली; आरंभी तिचे पहिले कर्ज १०,००० रुपयांपर्यंत होते, २०२५ च्या फेररचनेत ते १५,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आले.

‘शेकडा पाच’ हा सावकारी दर ऐकायला लहान वाटतो. पण तो दरमहा असतो. म्हणजे वर्षाला ६० टक्के. १०,००० रुपयांवर महिन्याला ५०० रुपये केवळ व्याज. आपल्या उदाहरणातील गृहिणीच्या जवळजवळ दोन चांगल्या दिवसांचा खरा नफा त्यातच जाईल आणि मुद्दल जागच्या जागी राहील. गिरणगावातील खानावळवाल्यांचे दुःख नेमके हेच होते.

म्हणून आमच्या ग्राहक भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते : बांगडी हातातच राहू द्या. आधी आवर्ती ठेव उघडा, मग निम्म्या मालाने आरंभ करा, रोज वही लिहा आणि ती वही घेऊन शाखेत या. शाखेतील सहकाऱ्यांनाही विनंती, की अशी वही समोर आली तर ती आस्थेने वाचावी. तिच्यातील आकडे लहान असतील. परंतु त्यांच्यामागे रोज पहाटे साडेचारला उठणारे एक माणूस आहे.